तीन ते चारचा चौकोन

आमच्या घरात ‘धीर’ हा शब्द मीठ-तेलासारखा रोज लागायचा. नळाला पाणी आलं नाही, धीर धरा. डाळ शिजली नाही, धीर धरा. मी नापास होता होता वाचले तेव्हाही पप्पांनी ओरडण्याऐवजी तेच सांगितलं, आणि मला वाटलं, एक थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं. पप्पा अंबरनाथला एका कारखान्यात ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवायचे. साचा सुताएवढा जरी चुकला तरी ओतलेलं लोखंड फुकट जातं, त्यामुळे घाई या गोष्टीशी त्यांचं जन्माचं वैर. शनिवारी संध्याकाळी ते आम्हा दोघा भावंडांचे बूट पॉलिश करून दारात ओळीने लावायचे, रविवारचे कपडे खुंटीवर टांगायचे आणि उपासनेत वाचायचा बायबलचा अध्याय आदल्या दिवशीच मोठ्याने वाचून दाखवायचे. देवासमोर जायचं तर आधीपासून तयार व्हावं, ऐन वेळी धावत जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मला ती तयारी फक्त बुटांची वाटायची. माझा भाऊ शांतवन तर सरळ म्हणायचा, “पप्पा, देवाला बूट दिसत नाहीत, बाकाखाली असतात.” पप्पा हसायचे आणि त्याचेच बूट जास्त घासायचे.

बुवापाड्यातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आईची शिलाई मशीन. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका सिंधी शेठच्या कारखान्यातून ती परकर आणि गाऊनचे गठ्ठे आणायची आणि घरी बसून शिवायची. सकाळी आम्ही शाळेत जाताना मशीन सुरू असायची आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलो की तिचा आवाज आधी भेटायचा, मग घर. संध्याकाळी सातला मशीन बंद, कंदिलाची काच पुसलेली (वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता), आणि सगळ्यांनी सतरंजीवर गुडघ्यावर बसायचं. आधी गीत, मग पप्पांचं वाचन, मग प्रभूची प्रार्थना, आणि मगच जेवण. चुलीवरच्या सुकटीचा वास नाकात जात असताना डोळे मिटून बसणं ही माझी सगळ्यात जुनी आध्यात्मिक कसोटी.

शांतवनला सगळे शांतू म्हणायचे आणि तो नावाच्या अगदी उलट होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दोरी, वायर, सायकलची जुनी ट्यूब असलं काही हाती लागलं की त्याचं काहीतरी करणारच. चाळीमागच्या मोकळ्या जागेत चिंचेचं झाड होतं, त्याच्या फांदीला त्याने कारखान्यातला जाड दोर आणि पप्पांच्या लाकडाची फळी लावून झोका बांधला होता. दोन वर्षं पाऊस-पाणी खाऊन तो दोर तुटला नाही. आयटीआय करून तो एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागला, आणि त्याच हिवाळ्यात त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, क्रिकेट. मग गुडघ्याच्या वर सूज आली. चाळीतल्या प्रत्येक बाईने आपापल्या परीने बकऱ्याच्या पायांचं सूप करून पाठवलं, कारण हाडाला हाडाचंच औषध लागतं असं सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या शेजारच्या कांबळेकाकू तर दर रविवारी पातेलं घेऊन यायच्या. शांतू म्हणायचा, “काकू, आता मी बे-बे करायला लागेन हां.”

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पप्पांना बाजूला घेतलं. हाडाची गाठ आता छातीपर्यंत पोहोचली होती. पाय कापूनही उपयोग नव्हता. गोळ्या लिहून दिल्या आणि घरी न्यायला सांगितलं. पप्पांनी ते आम्हाला संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सांगितलं, प्रार्थनेच्या आधी नाही. मला अजूनही त्या क्रमाचा राग येतो. आई उठून चुलीपाशी गेली आणि तिने सगळ्यांना वाढलं. त्या दिवशी हुलग्याचं माडगं होतं, ते मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचे दिवस होते. पप्पांनी चहा सोडलेला, घरात मटण-मासे बंद. त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशानंतर मंडळीला उभं केलं आणि सांगितलं की आपल्या शांतवनसाठी साखळी प्रार्थना धरायची. आमच्यात ही रीत जुनी. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंतच्या घड्या वाटून घ्यायच्या, एकाने एक घडी, आणि त्या तासात त्या माणसाने गुडघे टेकून फक्त त्या एका गोष्टीसाठी मागायचं. एकाची घडी संपली की दुसऱ्याची सुरू. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आईने कारखान्यातून आणलेल्या कपड्यांच्या खोक्याचा एक मोठा पांढरा पुठ्ठा दिला. पाळकसाहेबांनी त्यावर पट्टीने रेघा मारून चौकोन आखले, आडवे वार, उभ्या घड्या, आणि तो प्रार्थनाघराच्या आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगला. शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल. घडी पाळली की चौकोनात बरोबरची खूण करायची.

पप्पांनी सकाळची सहाची घेतली, कामावर जाण्याआधी. आईने दुपारी दोन ते तीन. बारा ते एकची घडी रिकामी राहिली, कारण ती घेणारे गावी गेले होते. कांबळेकाकूंना हे कळलं तेव्हा त्या पाळकसाहेबांपुढे पदर खोचून उभ्या राहिल्या.

“मला तुमची प्रार्थना येत नाही. पण मी तासभर बसेन. शांतू माझ्या ओट्यावर खेळलाय. तुमच्या देवाला माझं नाव चालेल ना?”

पाळकसाहेब जरा घुटमळले. मग म्हणाले, “चालेल, बाई. त्याला आमची चालतात,” आणि पुठ्ठ्यावर सरळ ‘कांबळेबाई’ लिहिलं. मंडळीतले एक-दोघे कुरकुरले, पण लिहिलेलं कोणी खोडलं नाही.

माझं दृढीकरण नुकतंच झालं होतं. पांढरा फ्रॉक घालून मी मंडळीपुढे सगळी उत्तरं न अडखळता दिली होती, आणि आता मोठ्यांसारखी मलाही एक घडी मिळाली. तीन ते चार. शाळा अडीचला सुटायची. घरात शांतूच्या दुखण्यामुळे लक्ष लागणार नाही म्हणून मी थेट प्रार्थनाघरात जावं असं ठरलं. बाजूच्या दाराला नुसती कडी असायची. आईला घर सोडून पुठ्ठ्यापर्यंत जाता येत नसे, म्हणून ती रोज सकाळी मला सांगायची, “आज गेलीस की माझी खूण कर.” मी करायची. माझ्या चौकोनात एक आणि तिच्या चौकोनात एक. खूप अभिमान वाटायचा. देवाच्या वहीत माझ्या हातचं काहीतरी लागतंय, असं.

पहिले पंधरा दिवस मी मनापासून मागितलं. पत्र्याखाली उकडायचं, गुडघ्याला फरशीचे ठसे उमटायचे, आणि मी शब्द संपले की तेच शब्द परत म्हणायची. त्याला बरं कर. त्याला बरं कर. घरी जायची तर तो आणखी वाळलेला. गोळ्यांचं आता काही चालत नव्हतं. दुखायला लागलं की त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघायचा आणि त्याला त्याची फार लाज वाटायची, कारण चाळीत भिंती कसल्या, नुसत्या फळ्या. एके दिवशी तो आईला म्हणाला, “आई, तू मशीन चालू ठेव ना. कोणाला ऐकू जायला नको.” तेव्हापासून त्याचं कण्हणं वाढलं की आई उठून मशीनवर बसायची. शिवायला बऱ्याचदा काही नसायचं. शेठने निरोप पाठवला होता, “माल की टेन्शन मत लो, पहले बच्चे को देखो.” मग आई सुईत दोरा न घालता, कापड न लावता, नुसतं पायडल मारायची. रिकाम्या मशीनचा आवाज वेगळा असतो, जास्त कोरडा. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, साळवेबाईंना हल्ली काम फार आहे.

उपासाच्या दिवसांत एकदा त्याने बोंबलाची चटणी मागितली. आईने एका शब्दानेही पप्पांना विचारलं नाही, तव्यावर बोंबील टाकले. पप्पा कामावरून आले, वास आला, बूट काढता काढता थांबले आणि मग म्हणाले, “त्याला दोन भाकरी कर.” त्याने दोन घासही खाल्ले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाला, “करू, तू रोज तिकडे जाऊन काय मागतेस गं?” मी म्हटलं, तू बरा व्हावास म्हणून. त्याने ताट बाजूला सारलं. “बस झालं ना आता,” म्हणाला. मला वाटलं, त्याला झोप येतेय.

शेवटच्या आठवड्यात आई मला खुणेचं सांगायची विसरू लागली. शनिवारी नाही सांगितलं, रविवारी नाही, सोमवारी नाही. मी समजले, बिचारीच्या डोक्यात राहत नाही, आणि न सांगताच तिच्या चौकोनात खुणा करत राहिले.

मग तो मंगळवार. शाळेतून निघताना माझी मैत्रीण सुमन सोबत होती. प्रार्थनाघराकडे वळायचं तिथे मी थांबले आणि मला एकदम वाटलं, नाही. आज नाही. माझ्याकडे मागायला शब्दच उरले नव्हते, आणि ते पत्र्याचं छप्पर, तो पुठ्ठा, ती सुतळीची पेन्सिल, सगळ्याची शिसारी आली. सुमन म्हणाली, “चल ना, चिंचा पाडू.” आम्ही चाळीला वळसा घालून मागच्या बाजूने गेलो. चिंचा पाडल्या, मीठ लावून खाल्ल्या, आणि मग मी झोक्यावर बसले. कित्येक महिन्यांत त्यावर कोणी बसलं नव्हतं. सुमनने ढकललं. मी उंच गेले, अजून उंच, माझी वेणी सुटली, सुमन खाली ओरडत होती, “पडशील, येडे!” आणि मी हसत होते. खोटं कशाला सांगू, त्या सबंध वर्षात मी इतकी सुखी दुसऱ्या कुठल्याच तासात नव्हते. मशीनचा आवाज मागच्या बाजूलाही पुसट येत होता. तो कधी थांबला ते मला कळलं नाही. झोका थांबला तेव्हा लक्षात आलं की आवाज नाही.

मी गल्लीत धावत आले तेव्हा कांबळेकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “गेला गं, बाई. साडेतीनला गेला. सुटला.” आत आई त्याच्या उशाशी बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाटलं, हिला कळलं. माझ्या सुटलेल्या केसांवरून, तोंडाच्या चिंचेच्या वासावरून हिला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पेटी प्रार्थनाघरात आणली. पेटी पप्पांनी स्वतः केली, कारखान्यातल्या दोन सोबत्यांना घेऊन. कोपरे इतके नीट जुळलेले की खिळा दिसत नव्हता. माणसं जमायच्या आधी मी आत गेले. भिंतीवर पुठ्ठा तसाच होता. मंगळवारच्या रकान्यात कांबळेकाकूंची खूण, पप्पांची खूण, आणि मधोमध दोन चौकोन कोरे, दोन ते तीन आणि तीन ते चार. साखळी जिथे तुटली होती तिथेच तो गेला होता. मी पेन्सिल घेतली, आधी आईच्या चौकोनात खूण केली आणि मग माझ्या. हात जरासुद्धा कापला नाही, याचीच मला पुढे जास्त भीती वाटली.

दफन झाल्यावर घरी आलो आणि संध्याकाळी सातला पप्पांनी सतरंजी अंथरली. मला ओरडावंसं वाटलं. गीत कोणी म्हटलं नाही. पप्पांनी वाचलं आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो या ओळीपाशी ते आले आणि थांबले. आम्ही डोळे मिटून वाट पाहत राहिलो. बाहेर कोणाचा तरी रेडिओ लागला, भाजीवाला ओरडत गेला, कांबळेकाकूंनी आणून ठेवलेली डाळ गार झाली, तरी पप्पा पुढे जाईनात. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि दोन्ही हात सतरंजीत रुतलेले. आईने ती ओळ त्यांच्यासाठी म्हटली नाही. शेवटी केव्हातरी त्यांनीच ती म्हटली, अगदी हळू, आणि पुढे गेले. तेव्हा मला ते दगडाचे वाटले. धीर धरणं म्हणजे काही न वाटणं, अशी माझी समजूत होती. त्या थांबण्यात किती लढाई होती हे समजायला मला माझी स्वतःची माणसं पुरावी लागली.

आई मात्र त्यानंतर माझ्याशी परक्यासारखी वागू लागली. जेवायला वाढायची, वेणी घालून द्यायची, पण डोळ्यांत बघायची नाही. मी खोलीत आले की काहीतरी काढून उठायची. मी शिकले, नर्स झाले, लग्न केलं, मुलं झाली, आणि या सगळ्यात आमच्या दोघींच्या मध्ये तो कोरा चौकोन होता. तिला माहीत आहे, हे मी धरूनच चालले होते. पाळकसाहेब बदलले, तिसरे आले, चौथे आले. प्रभुभोजनाआधी दर वेळी मनात पापं कबूल करायची असतात, आणि दर वेळी मी बाकीची सगळी म्हणायची, ही सोडून.

पप्पा गेले तेव्हा मी आईला बदलापूरला माझ्याकडे आणलं. तिच्यासोबत मशीन आली आणि एक पत्र्याची ट्रंक. गेल्या वर्षी उपासकाळाच्या आधी मी ट्रंक उन्हात काढली. तळाशी पप्पांच्या रविवारच्या कोटाखाली तो पुठ्ठा निघाला. पिवळा पडलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पप्पांनी तो इतकी वर्षं जपून ठेवला होता हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आईने तो मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि बोटाने रकाने वाचू लागली. पप्पांच्या शेवटच्या आठवड्यातल्या खुणा इतक्या दाबून केलेल्या होत्या की पुठ्ठ्याला भोकं पडली होती. ‘कांबळेबाई’ पाशी ती थांबली, हसली. मग दोन ते तीनच्या ओळीवर आली आणि तिचं बोट अडलं.

“ह्या चार खुणा कोणी केल्या? शनवार ते मंगळवार?”

“मी केल्या, आई. तू विसरत होतीस.”

“विसरत नव्हते.” ती चष्मा काढून पुसायला लागली. “करायला नको होत्यास. ते चार दिवस मी बरं कर म्हणतच नव्हते. मी म्हणत होते, ने त्याला. आता ने. मशीन मारता मारता तेच.”

ती सत्त्याऐंशी वर्षांची बाई माझ्याकडे न बघता पुढे बोलत राहिली.

“मंगळवारी तर दोनला सुरू केलं ते थांबलेच नाही. तीन वाजले, तुझी घडी लागली, तरी मी मागतच होते. तिकडे माझी पोर गुडघ्यावर बसून भावाला मागतेय, आणि मी आई असून इकडे तिच्या विरुद्ध मागतेय. साडेतीनला तो गेला. मला वाटलं, मी तुला हरवलं. तुझा भाऊ तुझ्या हातातून ओढून घेतला मी. मग तुझ्याकडे बघू कशी?”

सत्तेचाळीस वर्षं. मी तिच्या पायाशी फरशीवर बसले, गुडघे आता नीट टेकत नाहीत, तशीच बसले आणि सांगितलं. प्रार्थनाघराच्या वळणापासून सगळं, सुमन, चिंचा, मीठ, झोका. माझ्या बाजूने कोणी मागत नव्हतंच, आई. तू कोणाला हरवलं नाहीस. मी रडत होते आणि सांगताना मला तिची भीतीही वाटत होती, चौदा वर्षांच्या मुलीला वाटावी तशी.

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिने विचारलं, “उंच गेला होता का गं झोका?”

“खूप. वरच्या फांदीपर्यंत.”

“हसत होतीस?”

“हो.”

तिने माझ्या नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर आणायला सांगितला. तिने स्वतःच्या चौकोनांतल्या त्या चार खुणा एकेक करून खोडल्या. जुनी पेन्सिल पुरती निघत नाही, पुठ्ठ्याचे पापुद्रे निघाले आणि खाली राखाडी डाग राहिले, पण तिचं समाधान झालेलं दिसलं. मग मी माझ्या मंगळवारच्या चौकोनासाठी खोडरबराला हात पुढे केला. तिने पुठ्ठा माझ्यापासून बाजूला सरकवला.

“तुझी राहू दे,” ती म्हणाली, आणि या वेळी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. “झोका त्यानेच बांधला होता ना.”